वृत्त आणि व्रत : पंढरपूर, १९४७ आणि संपादक साने गुरुजी

मराठीच्या विद्यार्थ्याला साने गुरुजी सहसा दोन ठिकाणी भेटतात. एक म्हणजे वाङ्मयाच्या इतिहासात, 'श्यामची आई'चे लेखक आणि मुलांचे गोष्टीकार म्हणून. दुसरे म्हणजे समाजसुधारणेच्या इतिहासात, पंढरपूरचे विठ्ठलमंदिर अस्पृश्य मानल्या गेलेल्यांना खुले व्हावे म्हणून प्राण पणाला लावणारे उपोषणकर्ते म्हणून. या दोघांच्या मध्ये एक तिसरे साने गुरुजी उभे आहेत आणि त्यांच्याकडे आपले लक्ष क्वचितच जाते. ते आहेत संपादक साने गुरुजी. हस्तलिखित दैनिकापासून साप्ताहिकापर्यंत त्यांनी आयुष्यभर नियतकालिके चालविली, आणि राजकारण, शेतकरी, कामगार असे विषय त्यांत सतत येत असले तरी या साऱ्या लेखनाच्या तळाशी एकच प्रश्न आहे : माणसाचा धर्म त्याच्या वागण्यात दिसतो की नाही? प्रस्तुत लेखात आम्ही गुरुजींकडे धर्म या विषयावर लिहिणारे पत्रकार म्हणून पाहणार आहोत. पंढरपूरचे उपोषण हे या पत्रकारितेतूनच निघाले आणि त्यानेच तिला तिची सीमाही दाखवून दिली, असे आमचे प्रतिपादन आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी. मराठीत धर्म हा वृत्तपत्रांचा विषय झाला तो बातमी म्हणून नव्हे, वाद म्हणून. बाळशास्त्री जांभेकरांचे 'दर्पण' १८३२ साली निघाले. त्यानंतर दहा वर्षांनी, १८४२ मध्ये, अमेरिकन मिशनऱ्यांनी अहमदनगरहून 'ज्ञानोदय' सुरू केले. मूर्तिपूजा, यात्रा, तीर्थे यांवर त्यातून टीका होऊ लागताच तिला उत्तर देण्यासाठी मोरभट दांडेकरांची 'उपदेशचंद्रिका' १८४४ मध्ये पुढे आली. म्हणजे एका पत्राने आरोप करावा आणि दुसऱ्याने खंडन करावे, अशी धर्मविषयक पत्रकारितेची बैठक पहिल्या काही वर्षांतच पक्की झाली. प्रार्थनासमाजाची 'सुबोध पत्रिका' (१८७३), सत्यशोधकांचे 'दीनबंधु' (१८७७), आगरकरांचे 'सुधारक' (१८८८), प्रबोधनकार ठाकऱ्यांचे 'प्रबोधन' (१९२१) ही सारी पत्रे परस्परांपासून कितीही दूर असली तरी वादाची ती बैठक त्यांनी सोडली नाही. दुसऱ्या बाजूला ल. रा. पांगारकरांचे 'मुमुक्षु' होते. त्यात वाद मागे पडून भक्ताचा आस्वाद पुढे आला. एकाने धर्माला न्यायालयात उभे करायचे, दुसऱ्याने देव्हाऱ्यात ठेवायचे. धर्म जगणारी माणसे काय करतात, एकमेकांशी कशी वागतात, हे जवळ जाऊन पाहणारा आणि तरीही त्या धर्माचा हात न सोडणारा पत्रकार या दोन्ही परंपरांत सहजासहजी सापडत नाही.

साने गुरुजींची वाट या दोहोंमधून जाते. पांडुरंग सदाशिव साने यांचा जन्म २४ डिसेंबर १८९९ रोजी कोकणातील पालगडचा. त्यांच्या पुढील वाटचालीत अमळनेरचा वाटा मोठा आहे. तेथील तत्त्वज्ञान मंदिरात ते अभ्यासासाठी आले आणि १९२४ मध्ये तेथल्याच प्रताप हायस्कुलात शिक्षक झाले. वसतिगृहाची जबाबदारी अंगावर आल्यावर त्यांनी मुलांसाठी 'छात्रालय दैनिक' सुरू केले. हे दैनिक हाताने लिहिलेले असे. ना छापखाना, ना वर्गणी, ना जाहिरात. त्याचा वाचकवर्ग म्हणजे एका इमारतीत राहणारी मुले. पुढे १९२८ मध्ये 'विद्यार्थी' मासिक निघाले. या पहिल्या उमेदवारीत त्यांच्या संपादकीय शैलीचे बीज आहे. वाचक समोर बसला आहे, त्याला नावाने हाक मारता येते, तो उद्या सकाळी पुन्हा भेटणार आहे, या जाणिवेने ते लिहितात. छोटी वाक्ये, संबोधने, प्रश्न, पुनरुक्ती ही त्यांच्या गद्याची वैशिष्ट्ये समीक्षकांनी भाबडेपणाच्या खात्यात जमा केली. आम्हांस ती एका मौखिक परंपरेची खूण वाटतात. वारकरी कीर्तनकार एक अभंग घेतो आणि त्याच्या आधाराने श्रोत्यांच्या जगण्याला भिडतो. गुरुजी एखादी घटना घेतात आणि तिच्या आधाराने तेच करतात. अग्रलेख आणि कीर्तन यांच्यातले अंतर त्यांच्या हाती फारच कमी होते.

पण त्यांच्या पत्रकारितेचा खरा अभ्यासपाठ एका तुरुंगात झाला. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा भावे यांनी सत्याग्रही कैद्यांपुढे गीतेवर प्रवचने दिली. २१ फेब्रुवारी ते १९ जून या काळात, दर रविवारी एक, अशी ही अठरा प्रवचने झाली. ती ऐकता ऐकता लिहून घेतली ती साने गुरुजींनी. आज 'गीता प्रवचने' या नावाने जो ग्रंथ भारतीय भाषाभाषांतून वाचला जातो, त्याच्या मागे वक्त्याइतकाच हा लेखनिक उभा आहे. विनोबांनी पुढे त्यावर संस्कार केले, तरी बोललेला शब्द निसटू न देता कागदावर उतरविण्याचे मूळ काम गुरुजींचे. या कामाकडे शिष्याची सेवा म्हणून पाहण्याची आपल्याला सवय आहे. वृत्तान्तलेखनाच्या अंगाने पाहिले तर त्याला वेगळाच अर्थ येतो. दुसऱ्याचे म्हणणे त्याच्याच भाषेत, स्वतःला मध्ये न आणता टिपणे ही बातमीदाराची पहिली शिस्त आहे. हळवे, आत्मपर, उमाळ्याचे म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या लेखकाने ही शिस्त सलग चार महिने पाळली. पुढच्याच वर्षी, १९३३ मध्ये, नाशिकच्या तुरुंगात त्यांनी 'श्यामची आई' लिहिली. पहिल्या पुस्तकात कान दुसऱ्याचा शब्द पकडतो आहे, दुसऱ्यात आईचा. धर्म ग्रंथातून नव्हे तर कोणाच्या तरी बोलण्यातून आणि वागण्यातून पोचतो, ही गुरुजींची श्रद्धा दोन्हींमागे सारखीच आहे.

६ एप्रिल १९३८ रोजी त्यांनी अमळनेरहून 'काँग्रेस' हे साप्ताहिक काढले. नाव पक्षाचे असले तरी खानदेशातील शेतकऱ्यांची स्थिती आणि गिरणी कामगारांचे लढे यांना त्यात जागा मिळाली. त्याच सुमारास 'भारतीय संस्कृती' हे त्यांचे पुस्तक आले. त्यात अद्वैत हा विचार शेजाऱ्याशी कसे वागावे या प्रश्नापर्यंत आणून सोडलेला आहे. इस्लामवरही त्यांनी तितक्याच आत्मीयतेने लिहिले. 'इस्लामी संस्कृती' हे त्यांचे पुस्तक त्यांच्या निधनानंतर प्रसिद्ध झाले. स्वधर्मावर प्रेम करणाऱ्या माणसाने परधर्माविषयी माहिती करून घेऊन, आदराने आणि सोप्या मराठीत लिहावे, हे त्या काळात नित्याचे नव्हते आणि आजही नाही.

आता पंढरपूर. या गावी धर्माचे दोन नकाशे एकमेकांवर ठेवलेले होते. चंद्रभागेच्या वाळवंटात टाळमृदंगाच्या गजरात वारकरी एकमेकांच्या पाया पडत. लहानमोठा हा भेद तिथे विसरायचा, अशी संप्रदायाची शिकवण. मात्र वाळवंटातून वर महाद्वाराशी आले की दुसरा नकाशा सुरू होई. नामदेवाची पायरी आणि तिच्यासमोर चोखोबांची समाधी, येथे अस्पृश्य मानलेल्या वारकऱ्याची वाट संपे. शेकडो मैल चालत आलेल्या माणसाने समाधीवर डोके टेकवायचे, कळस पाहायचा आणि परतायचे. चोखोबांच्या अभंगांतली व्यथा आपण वर्गात करुणरसाचे उदाहरण म्हणून शिकवतो. पंढरपुरात ती शतकानुशतके चालू असलेली व्यवस्था होती. वारी हे मराठी समाजाच्या एकात्मतेचे प्रतीक म्हणून गौरविले जाई. पण त्या एकात्मतेचा वृत्तान्त दाराच्या आतून लिहिला जातो की बाहेरून, यावर त्याचा मजकूर अवलंबून होता.

या दाराचा प्रश्न गुरुजींनी १९४६ च्या अखेरीस हाती घेतला. कार्तिकी एकादशीला उपोषणास बसण्याचा त्यांचा मनोदय होता. सेनापती बापटांच्या मध्यस्थीने तो लांबणीवर पडला आणि मधल्या सहा महिन्यांत महाराष्ट्रभर दौरा करून लोकमत जागे करायचे ठरले. सेनापती स्वतः या दौऱ्यात सामील झाले आणि राष्ट्र सेवा दलाचे तरुण गाणी, पोवाडे घेऊन गावोगाव गेले. या काळात अनेक ठिकाणी देवळे आणि पाणवठे खुले झाले. आमच्या विषयाच्या दृष्टीने हे सहा महिने दहा दिवसांच्या उपोषणापेक्षाही महत्त्वाचे आहेत. गुरुजींचा वाचक आता छापील पानासमोर नव्हता. तो गावाच्या चावडीत, देवळाच्या ओट्यावर बसलेला होता आणि त्यातील बहुसंख्यांना वाचताही येत नव्हते. वसतिगृहातल्या मुलांशी बोलणारी ती संपादकीय वाणी आता एका साऱ्या प्रांताशी बोलू लागली. विरोधही तितकाच बोलका होता. सान्यांनी भीमेपार चालते व्हावे, विठ्ठलाचे दार उघडणार नाही, अशा अर्थाच्या यमकबद्ध घोषणा विरोधकांनी दिल्या.

१ मे १९४७ रोजी पंढरपुरातील तनपुरे महाराजांच्या मठात उपोषण सुरू झाले. ही जागा लक्षात घेण्यासारखी आहे. एका वारकरी महाराजांनी आपला मठ दिला, याचा अर्थ संप्रदाय एकमुखाने विरोधात नव्हता. वाळवंटाचा नकाशा खरा मानणारे लोक आतही होते. काळ मात्र अवघड होता. फाळणीची चर्चा निर्णायक टप्प्यावर आली होती, दंग्यांच्या बातम्यांनी वृत्तपत्रे भरलेली होती. अशा वेळी एका देवळाचे दार हा तातडीचा विषय कसा, असे विचारणारे होतेच. गुरुजींचे म्हणणे असे की स्वातंत्र्य उंबरठ्यावर आले असतानाच हा कलंक धुतला पाहिजे. गांधीजींनी तारेने उपोषण थांबविण्याचा सल्ला दिला. त्यांच्यापर्यंत पोचलेली माहिती पुरेशी नव्हती, असे गुरुजींच्या सहकाऱ्यांचे मत होते. गांधीजींना गुरुस्थानी मानणाऱ्या या माणसाने तो सल्ला नम्रपणे बाजूला ठेवला. केरळातील गुरुवायूरच्या मंदिरासाठी १९३२ मध्ये के. केळप्पन यांनी असेच उपोषण मांडले होते आणि गांधीजींच्या सांगण्यावरून ते सोडले होते, हे आठवले म्हणजे गुरुजींच्या नकाराचे वजन कळते. अखेर दादासाहेब मावळंकर आदींच्या मध्यस्थीने बडवे मंडळींनी मंदिर खुले करण्यास संमती दिली आणि १० मे रोजी उपोषण सुटले. मुंबई प्रांताचा हरिजन मंदिरप्रवेशाचा कायदाही त्याच वर्षी झाला.

येथे एक प्रश्न टाळता येत नाही. वीस वर्षांहून अधिक काळ शब्दांवर विसंबून राहिलेल्या संपादकाला शेवटी अन्न सोडावे लागले. याचा अर्थ त्याच्या शब्दांचा पराभव झाला, असा घ्यायचा काय? आमच्या मते हा पराभव नसला तरी सीमेची कबुली नक्कीच आहे. गुरुजींची पत्रकारिता वाचकाच्या सद्सद्विवेकावर उभी होती. ज्याला लाज वाटू शकते त्याच्याशीच ती बोलू शकत असे. ज्याचे हितसंबंध त्या दाराशी बांधलेले होते, त्याच्यापुढे अग्रलेख हतबल होता. तेव्हा लेखकाने स्वतःचे शरीर बातमीच्या जागी ठेवले. वृत्त संपले तेथे व्रत सुरू झाले. धर्मावर लिहिणारा माणूस स्वतःच धर्माची बातमी झाला आणि ती मोठी वृत्तपत्रेही टाळू शकली नाहीत. पण त्याची किंमतही मोजावी लागली. उपोषणाच्या बातमीत केंद्रस्थानी उपोषणकर्ता येतो. ज्याच्यासाठी दार उघडायचे तो मागे सरतो. चोखोबांच्या समाधीपाशी थांबणारा वारकरी त्या दहा दिवसांत काय म्हणत होता, हे आज पानांमागून पाने वाचूनही फारसे हाती लागत नाही.

ही उणीव समजून घ्यायची तर दुसऱ्या एका संपादकाकडे वळले पाहिजे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' काढले तेव्हा त्याच्या शीर्षभागी तुकोबांचा अभंग होता. ३ एप्रिल १९२७ रोजी 'बहिष्कृत भारत' निघाले तेव्हा तेथे ज्ञानेश्वरीतील ओव्या आल्या. म्हणजे वारकरी वाङ्मयाचा आधार येथेही आहे, पण त्याचे काम वेगळे आहे. गुरुजी संतांच्या शब्दाने सवर्णांच्या मनाला साद घालतात. बाबासाहेबांच्या पत्रांत तोच शब्द बोलू न दिलेल्यांचा भिडस्तपणा मोडण्यासाठी, झुंजीची तयारी म्हणून येतो. नाशिकच्या काळाराम मंदिराचा सत्याग्रह २ मार्च १९३० रोजी सुरू झाला, सुमारे पाच वर्षे चालला, आणि दार उघडले नाही. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्यात धर्मांतराची घोषणा झाली. म्हणून १९४७ मध्ये पंढरपूरचे दार उघडले तेव्हा त्या दाराशी उभ्या असलेल्या समाजातील फार मोठा भाग मनाने तेथून निघालेला होता. आंबेडकरी चळवळीच्या दृष्टीने मंदिरप्रवेश हा आता आपला प्रश्न राहिला नव्हता. तो सवर्णांच्या प्रायश्चित्ताचा प्रश्न झाला होता. तरी नाते पूर्ण तुटले होते असेही नाही. बाबासाहेबांनी १९४८ मध्ये प्रसिद्ध झालेला अस्पृश्यतेच्या उगमावरील आपला ग्रंथ नंदनार, रविदास आणि चोखामेळा या तीन संतांच्या स्मृतीस अर्पण केला; १९५४ मध्ये देहूरोड येथे पंढरपूरचा विठोबा हा मूळचा बुद्ध असल्याचे मत त्यांनी मांडले. त्या मतावर संशोधकांत दुमत असेल, पण त्यामागचा दावा स्पष्ट आहे : आत घ्या अशी विनंती न करता देवाची ओळखच नव्याने मांडणे. गुरुजींचे लेखन आणि बाबासाहेबांचे लेखन वर्गात शेजारी शेजारी ठेवून वाचले पाहिजे, असे आम्हांस वाटते ते यासाठीच. एकाच संतपरंपरेवर लिहिणारे दोन संपादक, एक दाराच्या आतून बोलणारा, एक बाहेरून. आतला माणूस आतल्यांना जागे करू शकतो. बाहेरच्यांच्या वतीने मात्र तो बोलू शकत नाही. गुरुजींनी बहुधा तसा दावाही केला नाही. ते आपल्याच लोकांपुढे उपाशी बसले.

उपोषणानंतरची त्यांची तीन वर्षे ही लेखणीकडे परतण्याची वर्षे आहेत. गांधीहत्येने त्यांना हादरविले. त्यानंतर त्यांनी एकवीस दिवसांचे उपोषण केले. १९४८ च्या आरंभी मुंबईत 'कर्तव्य' हे सायंदैनिक चालविण्याचा प्रयत्न झाला. तो टिकला नाही. १५ ऑगस्ट १९४८ रोजी 'साधना' साप्ताहिक सुरू झाले. नाव पाहावे : पत्राला त्यांनी पुन्हा एक धार्मिक शब्दच दिला, पण त्याचा अर्थ रोजच्या परिश्रमाचा. पुतणी सुधा हिला लिहिलेली पत्रे 'साधने'तून येऊ लागली आणि पुढे 'सुंदर पत्रे' या नावाने संग्रहित झाली. फुले, पक्षी, पुस्तके, सण, देशातल्या घडामोडी यांविषयी घरातल्या मुलीशी बोलावे तसे हे लेखन. 'छात्रालय दैनिका'तील सूर येथे पुन्हा ऐकू येतो. ११ जून १९५० रोजी त्यांनी स्वतःच जीवनयात्रा संपविली.

गुरुजींनंतर मराठीत धर्माचा वृत्तान्त लिहिण्याची रीत बदलली, तीही पंढरीच्या वाटेवरच. इरावती कर्वे यांच्या 'परिपूर्ती'तील 'वाटचाल' हा लेख दिंडीबरोबर चालत लिहिलेला आहे. एकत्र चालणारे, एकत्र अभंग म्हणणारे वारकरी जेवायला मात्र जातीजातींनी वेगळे बसतात, हे त्यांच्या नजरेने टिपले. दि. बा. मोकाशी १९६१ मध्ये पालखीबरोबर चालले आणि १९६४ मध्ये 'पालखी' प्रसिद्ध झाले; त्यात श्रद्धा नसलेला लेखक श्रद्धावंतांच्या मेळ्यात आपली जागा शोधतो आहे. न्यायालय आणि देव्हारा यांच्या मधली जी जागा आम्ही वर सांगितली, ती या दोन लेखकांनी चालून मोकळी केली. गुरुजींची आर्तता त्यांच्यात नाही. त्यांच्याजवळ असलेला अलिप्तपणा गुरुजींजवळ नव्हता.

पंढरपुरातील सत्तेचा प्रश्नही १९४७ मध्ये संपला नाही. दर्शनाचा हक्क मिळाला, पण देवळाची व्यवस्था आणि पूजेचे वंशपरंपरागत हक्क बडवे-उत्पातांकडेच राहिले. ते संपविणारा कायदा १९७३ मध्ये झाला. त्यावरील न्यायालयीन झगडा सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१४ मध्ये निकाली काढला. म्हणजे दार उघडण्यास दहा दिवस लागले आणि किल्ली हलण्यास सदुसष्ट वर्षे. संपादकाचे उपोषण आणि कायद्याची संथ गती या दोहोंनी मिळून हे काम केले, हे विसरता कामा नये.

आणि 'साधना'? धर्मावर लिहिण्याची जोखीम त्या पत्राला चुकली नाही. १९९८ पासून त्याचे संपादक असलेले डॉ. नरेंद्र दाभोलकर धर्माच्या नावाने चालणाऱ्या शोषणावर लिहीत होते. अंधश्रद्धाविरोधी कायद्याच्या मसुद्याला काही वारकरी संघटनांनीही विरोध केला. त्यांच्याशी संवाद करण्याचा प्रयत्न दाभोलकरांनी सोडला नाही. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांची गोळ्या घालून हत्या झाली. पहिल्या संपादकाने धर्मासाठी स्वतःचे प्राण पणाला लावले होते. त्याच खुर्चीवरच्या दुसऱ्या संपादकाचे प्राण इतरांनी घेतले. या दोन घटनांमधल्या साठ-सत्तर वर्षांत आपल्या समाजाची ऐकून घेण्याची शक्ती वाढली की घटली, याचे उत्तर वाङ्मयाच्या अभ्यासकांनाही शोधावे लागेल.

आषाढीला आता दूरचित्रवाणीवर वारी दिवसभर दिसते. दिंड्या, रिंगण, शासकीय महापूजा यांची चित्रे घराघरांत पोचतात. धर्माची बातमी एवढी विपुल पूर्वी कधीच नव्हती. परंतु महाद्वारासमोरच्या त्या समाधीपाशी थांबून, येथून पुढे आजही कोण जाऊ शकत नाही, हे विचारणारा बातमीदार त्या विपुलतेत विरळाच. साने गुरुजींच्या गद्यातील अश्रूंची चेष्टा करणे सोपे आहे. ते अश्रू ज्या प्रश्नासाठी होते तो प्रश्न विचारण्याची सवय त्यांच्या वाचकांनी, म्हणजे आपण, किती जपली, हे तपासणे त्याहून कठीण आहे.